विभाच्या गाण्यातली मोकळी जागा

शुक्रवार, १ जानेवारी १९८२

कंपनीने यंदाही डायरी वाटली. दर वर्षी ती धोब्याकडे गेलेले कपडे लिहिण्यात संपते. यंदा तिच्यात एक प्रकल्प लिहायचा आहे. प्रकल्प म्हणजे माझी बायको विभावरी. तिला गायिका करायचं मी ठरवलं आहे. तिला अजून कळवलेलं नाही.

कारण एकदाच लिहून मोकळा होतो, म्हणजे पुन्हा त्या वाटेला जायला नको. दोन वर्षांपूर्वी इथे कतारला, दोह्यातच आम्हाला मुलगी झाली आणि त्याच संध्याकाळी गेली. विभा ऑपरेशनच्या गुंगीत होती. नाशिकहून आईचा ट्रंककॉल आला, "तिला बाळाचं तोंड दाखवू नकोस रे. एकदा पाहिलं की माया लागते, मग बाई उभी राहत नाही." एवढ्या लहान जिवाला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. ते मी उरकलं. कंपनीचा ड्रायव्हर रंगनाथ गाडी घेऊन आला होता. विभाने डोळे उघडले तेव्हा सगळं झालेलं होतं.

नंतर तिने एकदाच विचारलं, "कशी होती हो?" मी म्हणालो, "आता कशाला तो विषय." तेव्हापासून आमच्या घरात तो विषय खलास आहे. तिने परत विचारलं नाही, यावरून ती सावरली असं मी धरतो. फक्त सकाळी ज्या खुर्चीवर तिला सोडून प्लँटवर जातो, त्याच खुर्चीवर ती दुपारी सापडते. घर लखलखीत असतं, पोळ्या गरम असतात, तरी मला वाटतं की ही उठलीच नव्हती.

लग्नात तिने एक गिटार आणली होती. देवळालीच्या शाळेत कुणा गोव्याच्या बाईंनी शिकवलेली. आमच्या आईने त्याचं नाव "तिचं तुणतुणं" ठेवलं होतं. ती गिटार कपाटावरून काढायची. मन रमलं की माणूस विसरतं.

शुक्रवार, १५ जानेवारी

आधी नको नको झालं. मी म्हटलं, "माझ्या नव्या कॅसेट डेकची चाचणी घ्यायची आहे, तू नुसतं काहीतरी म्हण." इंजिनिअरच्या बायकोला चाचणीला नाही म्हणता येत नाही.

दुपारची नमाज संपून पुढची बांग व्हायच्या आत उरकायचं ठरलं. फ्रिज बंद केला, खिडकीतली कबुतरं हाकलली. ती वेताच्या मोड्यावर बसली, मी तिच्या पायाशी डेक घेऊन, कानांवर ते मोठे हेडफोन. ते घातले की बाहेरचं जग संपतं, स्वतःचा खोकलासुद्धा ऐकू येत नाही.

दोन गाणी म्हणाली, दोन्ही तिचीच. एक पाण्याच्या टँकरवर आणि एक वाळत घातलेल्या कपड्यांवर. ही भावगीतं नाहीत, लावणी नाही, भजन तर नाहीच. चाल नाकासमोर चालता चालता भलत्याच गल्लीत शिरते. शेजारी बसून कुणी हळूच सांगावं तसं ती गाते. आता टँकरवर कोण गाणं करतं? पण टेप संपली तरी मला कळलं नाही. विभाने माझ्या खांद्याला हात लावला तेव्हा हेडफोन काढले.

प्रकल्प सुरू झाला आहे.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

आज नवीन गाणं. शब्द उतरवून ठेवतो.

कपाळ कुणाचं, सांगाल का
भुवया कुणाच्या, सांगाल का
तुम्ही पाहिलंत, मी नाही पाहिलं
एवढंच सांगा, मग मी उठेन

अशी तीन कडवी. नाक, कान, हनुवटी, सगळं विचारून होतं. मला गंमत वाटली. मग लक्षात आलं. तिची धाकटी बहीण मृणालिनी गेल्या महिन्यात बाळंत झाली, मुलगा झाला, विभाने त्याला पाहिलेलं नाही. मावशीची माया! मी तिला म्हटलंही, "मृणालच्या बाळावर केलंस ना?" ती तारा जुळवत होती. म्हणाली, "तुम्हाला तसं वाटतं का?" म्हणजे बरोबर ओळखलं.

गाण्यात एक दोष आहे. प्रत्येक कडव्यानंतर ती थांबते. गिटारही थांबते. चांगली मोठी मोकळी जागा जाते आणि मग पुढचं कडवं. मी म्हटलं, "लोकांना वाटेल तू शब्द विसरलीस." म्हणाली, "वाटू दे."

दुसरा दोष टेपमध्ये आहे. त्या मोकळ्या जागेत मागे काहीतरी ऐकू येतं. बारीक, घुमल्यासारखं. वर जातं, खाली येतं. रेकॉर्ड करताना नव्हतं, ऐकताना आहे. अंगावर काटा आला. घरात तिसरं कुणी असल्यासारखं वाटतं.

रविवार, ७ फेब्रुवारी

आवाजाचा छडा लावायचाच. दोष शोधणं हीच माझी नोकरी आहे. डेकचं हेड स्पिरिटने पुसलं. ट्यूबलाइट बंद करून पाहिली. वायर बदलली. खोली रिकामी ठेवून टेप केली, काही नाही. विभाला एकटीला गायला लावून मी स्वयंपाकघरात थांबलो, तरी काही नाही. मी परत येऊन जागेवर बसलो की आवाज आहे.

माझ्या बसण्याच्या जागेजवळच्या सॉकेटचं अर्थिंग खराब असणार.

विभा हे सगळं बघत होती. म्हणाली, "राहू द्या ना तो. मला त्याची सोबत वाटते." बायकांचं शास्त्र वेगळंच असतं.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

इथल्या जुन्या बाजारात, सूक वाकिफमध्ये, खलीलचं कॅसेटचं दुकान आहे. मूळचा केरळचा, पण हिंदी झकास. जगातली कुठलीही कॅसेट तो दुसऱ्या कॅसेटवर उतरवून देतो. मी सहज विभाची टेप लावायला दिली. तो एका अरबाला उंटांच्या शर्यतीची गाणी दाखवत होता. विभाचं गाणं सुरू झालं तसा गप्प झाला. एक शब्द त्याला कळला नसणार.

"साब, ये कौन है?"

"मेरी बीवी."

"और ये रोती क्यों नहीं?" त्याने विचारलं. असले प्रश्न मला आवडत नाहीत. गाणं रडण्यासाठी नसतं, असं मी त्याला सुनावलं. त्याने काही प्रती काढून ठेवतो म्हटलं, इंडियन गिऱ्हाईक आलं की लावीन म्हणाला. इन्शाल्ला, दुकानात नाव होईल.

घरी सांगितलं तर विभा घाबरली. "सगळे ऐकतील?" मग थोड्या वेळाने, "बरंच आहे. कुणीतरी सांगेल."

काय सांगेल, ते विचारायचं राहिलं.

गुरुवार, ११ मार्च

गाणं पळत सुटलं आहे! ड्रायव्हर, वेल्डर, फिटर, आपल्याकडची सगळी माणसं कामगारांच्या कॅम्पात ते ऐकतात. आज रंगनाथने गाडीत सांगितलं. तो बीडकडचा, बोलायला मोकळा.

"सायब, बाईसायबांचं गाणं रोज लागतंय बघा. जेवायच्या टायमाला लावायचं न्हाई असं आमी ठरवून टाकलंय. घास उतरत न्हाई. आमचा संपत तर परवा ताट ठिवून उठला."

"का रे? साधं बाळाचं गाणं आहे."

"त्येच तर. संपतला पोरगी झालीया, आठ म्हैन्याची झाली, त्यानं बघितली कुठं? माझं पोरगं चालाया लागलं म्हणत्यात. म्याबी न्हाई बघितलं. बायकुला धाडायच्या टेपात इचारतो, नाक कुनावर गेलंय गं? ती म्हणती, येऊन बघा." मग तो आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "बाईसायबांना कसं कळलं वो आमचं?"

मी म्हटलं, कलावंताला कळतं.

आज नाशिकहून मृणालिनीचं पाकीट आलं. मीच तिला बाळाचा फोटो पाठवायला लिहिलं होतं, गाणं पुरं व्हायला मदत होईल म्हणून. विभाने फोटो बराच वेळ हातात धरला. "छान आहे. गुटगुटीत आहे," म्हणाली आणि फ्रिजवर लावून ठेवला. नंतर मोड्यावर बसून भिंतीकडे बघत राहिली. एवढा नाकीडोळी नीटस मुलगा समोर असताना अजून तिला शेवटचं कडवं सुचत नाही. "ते माझ्याकडे नाहीच आहे," म्हणते.

शुक्रवार, २ एप्रिल

पाडव्याचा कार्यक्रम, सुट्टीच्या सोयीने आज झाला. अल दुहैलला एका साहेबांच्या व्हिलात पुण्यामुंबईची सगळी मंडळी. श्रीखंड, बटाट्याची भाजी, मुलं इंग्रजीत भांडत होती. विभाचं नाव पुकारल्यावर एक काका म्हणाले, "अभंग येतो का एखादा?" तिने मान हलवली आणि गिटार मांडीवर घेतली. दोन बायकांनी एकमेकींकडे बघून भुवया वर केल्या.

"तुम्ही पाहिलंत, मी नाही पाहिलं" या ओळीला ती माझ्याकडे बघत होती. नवऱ्याकडे बघितलं की गाणाऱ्याला धीर येतो. मग ती मोकळी जागा आली. मला वाटलं, आता कुणीतरी खोकेल, कुणीतरी श्रीखंड वाढेल. कुणी हललं नाही. पोरंसुद्धा गप्प. एवढी माणसं आणि एसीचा आवाज. माझ्या पाठीवर कुणीतरी गार हात ठेवल्यासारखं झालं. मला तिथून पळून जावंसं वाटलं, हे खरं लिहितो. गर्दीचा त्रास असावा.

टाळ्या मात्र झाल्या नाहीत. माणसं डोळे पुसत होती. नीताताई म्हणजे आमच्या शेजारच्या, विभाच्या आजारपणात डबे देणाऱ्या. त्या सरळ माझ्यापाशी आल्या. "प्रतापराव, तुम्ही ऐकता ना तिचं गाणं?"

"ऐकतो म्हणजे काय, रेकॉर्डिंग मीच करतो!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या घरातून काही उचललंय. मग ताटं गोळा करायला गेल्या.

शुक्रवार, ९ एप्रिल

पाडव्याच्या कार्यक्रमात राजाभाऊ म्हणून एक पाहुणे होते, मुंबईच्या कॅसेट कंपनीचे. आज चहाला आले. गाणं हवं आहे! जूनमध्ये मुंबईत स्टुडिओ, विभाचं नाव कव्हरवर. अटी तीन. मागे बोंगो आणि बासरी घालायची. मोकळ्या जागा काढून टाकायच्या. आणि शेवटी गोड कडवं हवं. "बाळ सापडलं पाहिजे वहिनी," राजाभाऊ म्हणाले. "लोक नुसते प्रश्न घेऊन घरी जात नाहीत."

विभा म्हणाली, "शेवटचं कडवं मिळालं तर मलाही हवंच आहे."

"मिळालं म्हणजे? तुम्हीच लिहिता ना?"

ती कप विसळायला आत गेली. मी राजाभाऊंना म्हटलं, काळजी करू नका, कडव्याचं मी बघतो.

शुक्रवार, १६ एप्रिल

कडवं झालं! मी केलं. शाळेत मराठीत मला बक्षीस होतं, ते आज कामी आलं.

बाळ हसले खुदुखुदु
आई म्हणे ये रे इकडू
नाक चाफेकळी छान
माझ्या घराची तू शान

"इकडू" जरा ओढूनताणून आहे, चालीत बसून जाईल. विभाला वाचून दाखवलं. ती हसली. खूप दिवसांनी मोठ्याने हसली. हसता हसता न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला. बाहेर आली तेव्हा चेहरा ओला होता. म्हणाली, "तुम्ही फार चांगले आहात हो." कविता आवडलेली दिसते.

शुक्रवार, ३० एप्रिल

माझं काय चुकलं ते मला कुणी समजावून सांगावं.

राजाभाऊंना पाठवायला मी टेपची एक प्रत केली. दोन डेक जोडून, नेमकं बटण दाबून, सगळ्या मोकळ्या जागा गाळल्या. तो घुमणारा आवाजही त्याबरोबर गेला. काम इतकं सफाईदार की सांधा सापडणार नाही. कौतुकाने विभाला ऐकवलं. तिने पुरतं ऐकलं. मग गिटार पिशवीत घातली, पिशवीची चेन लावली आणि ती कपाटावर ठेवली. ठेवायला हात पुरेना तर स्टूल घेतलं.

"मुंबईला मी जाणार नाही," म्हणाली. "मी गाणार नाही आता."

"अगं पण का?"

"एवढं एक घरात ऐकू येत होतं. तेही काढलंत."

दुपारी ती पुन्हा त्या खुर्चीवर जाऊन बसली. चार महिन्यांचा प्रकल्प एका दुपारी पाण्यात गेला. मला तिचा राग आला आणि भीतीही वाटली. आता ती उठलीच नाही तर, ही भीती. आईने हेच सांगितलं होतं. पण मी तर तिला बाळाचं तोंड दाखवलं नव्हतं. मग असं का व्हावं?

शुक्रवार, १४ मे

काही नाही. घरात कुणी बोलत नाही. एसी बोलतो.

गुरुवार, २० मे

आजचं आजच लिहितो, उद्यावर नको.

प्लँटवरून येताना रंगनाथने गाडीत विभाची कॅसेट लावली. जुनी, खलीलकडची, मोकळ्या जागा असलेली. मी बंद कर म्हणणार होतो. पण गाडीतले स्पीकर मोठे, आणि तो आवाज आला. पहिल्यांदा मला स्वच्छ ऐकू आला. घुमत होता, वर जात होता, खाली येत होता.

रंगनाथ म्हणाला, "ह्ये तुमी बेस केलं सायब, तुमचाबी आवाज घातला."

"माझा?"

"मंग कुनाचा? त्या दिशी गाडीत तुमी ह्योच सूर लावला व्हता की. लेकराला मांडीवर घिऊन. म्या आरशातनं बघत व्हतो. पार तितवर पोचेपर्यंत तुमी थांबला न्हाई. म्या मुद्दाम हळू चालवली गाडी."

मी त्याला गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. रस्त्याच्या कडेला उतरून उभा राहिलो. ऊन असं होतं की डोळे उघडत नव्हते. मला ते गाणं आठवत नाही. मी गाडीत गात होतो हेही आठवत नाही. शब्द नसलेलं काहीतरी आहे, आई चूल सारवताना म्हणायची तसलं. दोन वर्षं ते माझ्या घशात होतं आणि हेडफोन घातले की बाहेर पडत होतं. मी भुताला शोधत सॉकेट उघडून बसलो होतो.

घरी गेलो. विभा खुर्चीवर होती. तिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो," म्हणाली. "म्हणून थांबत होते मी. तुम्ही तेवढंच तिच्याशी बोलता. मध्ये मी कशाला बोलू?"

शुक्रवार, २१ मे

दुपारी एसी बंद केला. कारण काही नव्हतं, रेकॉर्डिंग नव्हतं. सवयीने केला. दोघं घामाने निथळत जमिनीवर बसलो.

मी म्हणालो, "केस होते."

विभा हलली नाही. मला वाटलं, ऐकलं नाही. मग म्हणाली, "किती?"

"भरपूर. काळे. ओले होते, डोक्याला चिकटलेले."

"कपाळ?"

"मोठं. माझ्यासारखं, आमच्याकडचं."

ती विचारत गेली आणि मी सांगत गेलो. भुवया नव्हत्याच म्हणाव्यात अशा. उजवा कान जरासा दुमडलेला. नखं वाढलेली होती, त्याचं मला नवल वाटलं होतं, एवढ्याशा बोटांना नखं कापायला झालेली. माझं बोट धरलं होतं का, तर धरलं होतं. डोळे एकदाच उघडले, दिव्याकडे बघितलं आणि मिटले. रडली का, तर रडली, मांजरीच्या पिल्लाएवढी. सिस्टरने विचारलं होतं, आईजवळ नेऊ का, आणि मी नको म्हटलं होतं. हेही सांगितलं. विभाने माझा हात धरला होता, तो सोडला नाही. खरं तर तिने सोडायला हवा होता.

एवढं सगळं माझ्यात होतं. सांगताना वाटत होतं की मी तिथेच उभा आहे आणि मुलगी माझ्या हातात आहे, तिचं वजनसुद्धा.

मग विभाने विचारलं, "नाक?"

मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. कपाळ दिसत होतं, हनुवटी दिसत होती, मध्ये काही दिसेना. डोळे मिटून बघितलं. दुपट्याची किनार दिसली, दिवा दिसला. नाक नाही. जगात मी एकट्याने तिला धड पाहिलं होतं, आणि दोन वर्षं कुणाशी एक शब्द बोललो नाही, तेवढ्यात ते गेलं. विभाने विसरावं म्हणून गप्प बसलो आणि विसरलो मी.

ती वाट बघत होती. गाण्यात बघते तशीच.

"तुझं," मी म्हणालो. "अगदी तुझं नाक होतं."

तिने स्वतःच्या नाकाला बोट लावलं, हळूच, दुसऱ्या कुणाला लावावं तसं. मग उठून आतल्या खोलीत आरशापुढे गेली. मी इथे बसून हे लिहितो आहे. ती अजून तिथेच उभी आहे, आणि गुणगुणते आहे.